चाळीतला कांदा दिल्लीचाच विषय आहे

लोकसभेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की शिरूर-दौंडच्या पारापारांवर एक मत हमखास ऐकू येतं: "हे मतदान देशासाठी आहे, कांदा-उसाचं विधानसभेला बघू." शिकलीसवरलेली माणसं ते सांगतात, पुण्यात बसून लिहिणारे विश्लेषकही सांगतात. 2029 ची निवडणूक येण्याआधी या मताचा नीट समाचार घ्यायला हवा, कारण आम्हा भीमाकाठच्या मतदारांचं जेवढं नुकसान या समजुतीनं केलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशानं केलं असेल.

पूर्वपक्ष असा. लोकसभेतून पंतप्रधान ठरतो. खासदार पक्षादेशानं बांधलेला असतो. 1985 साली पक्षांतरबंदीसाठी घटनेला दहावं परिशिष्ट जोडल्यापासून पक्षाविरुद्ध मत दिलं तर त्याचं पदच धोक्यात येतं. मग उमेदवार पारखून काय साधणार? रस्ता, पाणी, वीज यांसाठी आमदार आहे, जिल्हा परिषद आहे. राष्ट्रीय निवडणुकीत चाळीतला कांदा आणणं हे कोतं मन झालं. याला जोडून आणखी एक म्हणणं असतं: खेड्यातला मतदार असला विचार करतच नाही, कारखाना, सोसायटी आणि भावकी सांगेल तिकडे तो जातो.

यातलं पक्षादेशाचं म्हणणं खरं आहे आणि ते मी पूर्ण मान्य करतो. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

7 डिसेंबर 2023 हा एकच दिवस पाहा. त्या दिवशी केंद्रानं कांदा निर्यातबंदीची अधिसूचना काढली, ती दुसऱ्या दिवसापासून लागू झाली. त्याच दिवशी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालणारा आदेश निघाला. केडगावच्या बाजारात कांदा नेणारा शेतकरी आणि न्हावऱ्याच्या शिवारात ऊस उभा असलेला शेतकरी, भीमेच्या दोन तीरांवरची ही दोन माणसं, एकाच दिवशी दिल्लीच्या दोन सह्यांनी बांधली गेली. यात आमदार कुठे आला? जिल्हा परिषद कुठे आली?

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या आदेशांवर लोकसभेत मतदान झालं नाही, होण्याची गरजही नव्हती. कांद्याची बंदी 1992 च्या परकीय व्यापार कायद्यानं सरकारला दिलेल्या अधिकारात निघाली. म्हणजे पक्षादेश लागतो तो विधेयकांना, आणि आमचं वर्षाचं गणित मोडतं ते आदेशांनी. आदेश बदलतो तो दबावानं: सभागृहात विचारलेल्या प्रश्नानं, स्थायी समितीत लावून धरलेल्या मुद्द्यानं, मंत्र्याच्या दालनात पुन्हापुन्हा गेल्यानं आणि मतांच्या धाकानं. ही निर्यातबंदी 4 मे 2024 रोजी उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. दौंड ज्या मतदारसंघात येतो त्या बारामतीचं मतदान होतं 7 मेला, शिरूरचं 13 मेला. हा योगायोग होता असं ज्याला मानायचं त्यानं मानावं. मी मानत नाही. मतदाराचा धाक दिल्लीपर्यंत पोचतो याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

उसाचंही तेच. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवतं. 2019-20 च्या हंगामात ती क्विंटलला 275 रुपये होती, 2024-25 ला 340 झाली. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये केला, तो त्या हंगामापर्यंत तसाच राहिला. हाही दर केंद्राचाच. न्हावऱ्याचा घोडगंगा साखर कारखाना बंद पडला, पाटसचा भीमा कारखाना काही हंगाम थंड राहिला, त्यांना स्थानिक कारणं असतीलच. पण उसाचा भाव आणि साखरेचा दर यांतलं हे अंतर गावच्या राजकारणानं पडलेलं नाही.

नदीचं काय? मुळा-मुठेचं पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं आणि पुण्याची घाण घेऊन खाली उजनीकडे जातं. मुळा-मुठा स्वच्छ करण्याची 990 कोटींची योजना 2016 साली केंद्राच्या राष्ट्रीय नदी संवर्धन कार्यक्रमात, जपानी कर्ज घेऊन मंजूर झाली. काम महापालिकेचं, मंजुरी आणि मोठा पैसा केंद्राचा. तिच्या दिरंगाईबद्दल खासदाराला विचारायचं नाही, तर कुणाला?

बैलगाडा शर्यतीची आठवण तर ताजी आहे. बैलांना प्रदर्शनबंदीच्या यादीत घालणारी 2011 ची अधिसूचना केंद्राची होती. 2017 मध्ये राज्याच्या विधिमंडळानं कायदा दुरुस्त केला, त्यालाही राष्ट्रपतींची संमती लागली. 18 मे 2023 ला घटनापीठानं तो वैध ठरवेपर्यंत घाटांवर टांगती तलवार होती. आणि आज शिरूरच्या उसात बिबट्या पोसला जातो, रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्या माणसाचा जीव टांगणीला असतो. तो बिबट्याही 1972 च्या केंद्रीय कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

राहिलं गठ्ठा मतांचं. 2024 च्या मे महिन्यात दौंडनं लोकसभेला भाजपविरोधी आघाडीच्या सुप्रिया सुळे यांना मताधिक्य दिलं आणि नोव्हेंबरात भाजपचे राहुल कुल यांना विधानसभेत पाठवलं. त्याच मे महिन्यात शिरूर विधानसभा क्षेत्रानं लोकसभेला अमोल कोल्हे यांना मताधिक्य दिलं आणि नोव्हेंबरात त्यांच्याच पक्षाच्या अशोक पवारांना हरवून ज्ञानेश्वर कटके यांना 74 हजारांहून अधिक मतांनी निवडलं. कारखाने तेच, सोसायट्या त्याच, भावकी तीच. सहा महिन्यांत माणसांनी वेगळा कौल दिला. पैसा चालला नाही, जात आडवी आली नाही, असा माझा दावा नाही. पण हा मतदार सांगेल तिकडे जाणारा आहे असं म्हणणाऱ्यानं या दोन निकालांचं उत्तर आधी द्यावं. दौंडमध्येच 2019 ची विधानसभा 746 मतांनी ठरली होती, तेव्हा एका मताला इथं काय मोल आहे हे कुणी आम्हाला शिकवायला नको.

म्हणून 2029 ला भीमेच्या दोन्ही तीरांवर, पक्ष कोणताही असो, उमेदवाराला हेच विचारलं जावं अशी माझी इच्छा आहे: निर्यातबंदीची अधिसूचना पुन्हा निघाली तर पहिल्या आठवड्यात तुम्ही काय कराल? एफआरपी वाढेल तेव्हा साखरेच्या किमान दरासाठी सभागृहात उभे राहाल का? बिबट्याच्या नसबंदीसाठी आणि स्थलांतरासाठी केंद्राच्या कोणत्या परवानग्या आणाल? प्रचाराची गाडी गावात आली की हे प्रश्न मी विचारणार आहे, आणि उत्तरं लिहून ठेवणार आहे.