एकच अलंकार, तीन भाषा

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागील वाटचालीचे स्मरण करीत असता, पुढील पिढीसंबंधीच्या एका प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. म्हैसुरात वाढणारी आपली मुले इंग्रजीच्या तासाला सिमिली आणि मेटाफर पाठ करतात, कन्नडच्या तासाला उपमे आणि रूपक शिकतात, आणि घरी मराठी बोलतात. या तिहींचे परस्परांशी नाते आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. परिणामी मराठी ही स्वयंपाकघरापुरती भाषा, विचाराची भाषा निराळी, असा समज बालवयातच दृढ होतो. हा समज इतिहासाला धरून नाही.

प्रथम संज्ञांचा अर्थ पाहू. 'दसऱ्याला राजवाडा नवरीसारखा सजतो' ही उपमा. 'राजवाडा जणू नवरीच' ही उत्प्रेक्षा. 'राजवाडा ही दसऱ्याची नवरी' हे रूपक. उपमेत दोन वस्तूंचे साम्य सांगितले जाते. उत्प्रेक्षेत एक वस्तू जणू दुसरीच आहे, अशी कल्पना केली जाते. रूपकात दोहोंमधील भेदच पुसला जातो. इंग्रजीत पहिल्या दोहोंना बहुधा सिमिली हे एकच नाव पुरते. तिसरे ते मेटाफर. मेटाफर या मूळ ग्रीक शब्दात 'पलीकडे वाहून नेण्या'चा भाव आहे, तर रूपकात 'रूप देण्या'चा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ग्रीसमध्ये या विषयाचा ऊहापोह केला. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चार अलंकार सांगितले. पुढे त्यांचा विस्तार होत गेला.

हा वारसा संस्कृतातून देशी भाषांत उतरला. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या आश्रयाने 'कविराजमार्ग' हा ग्रंथ सिद्ध झाला. कन्नडमधील उपलब्ध ग्रंथांत तो सर्वांत प्राचीन, आणि त्याचा विषय काव्यशास्त्र! दंडीच्या 'काव्यादर्शा'चा आधार घेणाऱ्या या ग्रंथाने कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. म्हणजे आज आपण जिच्याजवळ राहतो ती नदी आणि मराठी संतांची गंगा, या दोन्ही तेथे एकत्र आल्या आहेत.

मराठीनेही हे धन आरंभापासून जपले. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टान्त 'दृष्टान्तपाठा'त संकलित केले. त्यातील सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक ही मांडणी पाहावी : आधी सिद्धान्त, मग व्यवहारातील उदाहरण, शेवटी त्या उदाहरणाची सिद्धान्ताशी जुळणी. 1290 मधील ज्ञानेश्वरीत तर उपमा-दृष्टान्तांच्या माळाच गुंफलेल्या आहेत.

इंग्रजी विद्येचा प्रवेश झाल्यावर दोन्ही भाषांना नवी नावे घडवावी लागली. केशवसुतांनी 1892 मध्ये मराठीत सॉनेट आणले. त्या प्रकाराला पुढे 'सुनीत' हे नाव रूढ झाले. येथील महाराजा कॉलेजात इंग्रजी शिकविणाऱ्या बी. एम. श्रीकंठय्या यांचा 'इंग्लिश गीतगळु' हा अनुवादित कवितांचा संग्रह 1926 मध्ये निघाला आणि कन्नड कवितेने नवे वळण घेतले. ट्रॅजेडीला मराठीने 'शोकांतिका' म्हटले, कन्नडने 'दुरंत नाटक'. पण नॉव्हेलला दोघींनी एकच नाव दिले. हिंदीत 'उपन्यास', गुजरातीत 'नवलकथा'. मराठी व कन्नड मात्र बाणभट्टाच्या सातव्या शतकातील कथेचे स्मरण करून 'कादंबरी' म्हणतात. सख्ख्या शेजारणींचे मन कसे जुळते, याचा याहून गोड पुरावा कोणता?

1979 मध्ये म्हैसुरातच इंग्रजीचे प्राध्यापक सी. डी. नरसिंहय्या यांनी 'ध्वन्यालोक' ही संस्था स्थापिली. आयुष्यभर इंग्रजी साहित्य शिकविणाऱ्या या विद्वानाने नाव घेतले ते काश्मीरच्या आनंदवर्धनाच्या ग्रंथाचे! भारतीय साहित्याची पारख करण्यास भारतीय काव्यविचारही हाताशी असावा, हा त्यांचा आग्रह होता. ध्वनी म्हणजे उच्चारलेल्या शब्दांपलीकडे सुचणारा अर्थ. आजी 'दिवेलागण झाली' एवढेच म्हणते; खेळ आवरावा, हातपाय धुवावे आणि शुभंकरोती म्हणावयास बसावे, हे मुलांना न सांगता कळते. तो ध्वनीच होय.

तेव्हा पाठ्यपुस्तकातील मेटाफर अडला, तर मुलाला रूपक सांगावे आणि घरच्या बोलण्यातूनच त्याचे उदाहरण शोधावयास लावावे. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. तरी ते कन्नडचे थोर कवी झाले आणि 1973 च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. मराठीतही त्यांनी लेखन केले. एका भाषेवर प्रेम करण्यासाठी दुसरीला दूर लोटावे लागत नाही. आपल्या मुलांना परक्या गावात तीन भाषांचे ओझे वाहावे लागते, असे आपण मानतो. वस्तुतः ती एकाच वाड्याची तीन दालने आहेत. मधली दारे उघडी ठेवणे, एवढे काम आपले आहे.