७३ वी घटनादुरुस्ती : गावच्या निवडणुकीला घटनेचा आधार कसा मिळाला?

पौड : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांची निवडणूक दर पाच वर्षांनी व्हायलाच हवी, ही तरतूद राज्यघटनेत पहिल्या प्रयत्नात आली नाही. १९८९ मध्ये ६४ वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभेत दोन तृतीयांश मतं न मिळाल्याने पडलं. डिसेंबर १९९२ मध्ये नवं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. निम्म्याहून जास्त राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यता दिली, राष्ट्रपतींची सही झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ पासून होत्याच. मग नवं काय? ग्रामसभेला घटनेत स्थान, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा. हा वाटा देशभर ५० टक्के करणारं २००९ चं विधेयक संसदेत रखडलं. महाराष्ट्राने मात्र २०११ मध्ये स्वतःच्या कायद्याने तो दिला.

कलम २४३-ई प्रमाणे मुदत संपण्याआधीच निवडणूक घ्यावी लागते. तरी मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि पुणे जिल्हा परिषदेसह मुळशी पंचायत समितीचा कारभार प्रशासकाकडे गेला.