‘अंधाराचा राजपुत्र’ निर्दोष?

जुन्या ब्रिटिश मोटारींच्या शौकिनांनी जोसेफ ल्युकस यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी बहाल केली आहे. ऐनवेळी मालवणाऱ्या ल्युकस कंपनीच्या दिव्यांवरचा हा विनोद. वस्तुतः बर्मिंगहॅमचे हे कंदील-व्यावसायिक १९०२ साली निवर्तले. एमजीबी ही मोटार बाजारात आली १९६२ मध्ये!

खरा गुन्हेगार बहुधा गंज असतो. या मोटारींत दिव्याकडून बॅटरीकडे परतणारा प्रवाह वेगळ्या तारेऐवजी पत्र्याच्या सांगाड्यातून जाई. यालाच ‘अर्थ’ म्हणतात. दिवा आणि सांगाडा यांचा सांधा गंजला की प्रवाह आडवाट धरतो. मग इंडिकेटर लावताच मागचा दिवा मंदावतो. म्हणून घरी दुरुस्ती करणाऱ्याने बल्ब बदलण्याआधी, दिवा चालू ठेवून, त्याचे धातूचे आवरण आणि बॅटरीचे अर्थचे टोक यांना मल्टिमीटरच्या दोन तारा लावाव्यात. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी सांधा घासून स्वच्छ करावा.

तारांचे रंग हे तर अस्सल दस्तऐवजच. तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून जाणारी, काळी अर्थची. (आधीच्या मालकाने चिकटपट्टीने जोडलेली भलत्याच रंगाची तार म्हणजे प्रक्षिप्त मजकूर.)

सनावळीही महत्त्वाची. आरंभीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. १९६७ च्या बदलानंतर ऋण टोक आले. पुढे कित्येक मालकांनी जुन्या गाड्यांतही ही अदलाबदल करून घेतली. त्यामुळे चार्जर वा रेडिओ जोडण्यापूर्वी केवळ गाडीचे साल विचारून भागत नाही, बॅटरीची टोके प्रत्यक्ष पाहावी लागतात.