ऊरी सरोवराची पायवाट

स्वित्झर्लंडच्या मध्यभागीं डोंगरांनीं वेढलेलें लूसर्नचें मोठें सरोवर आहे. त्याच्या दक्षिणेकडील अरुंद फांट्याला ऊरीचें सरोवर म्हणतात. या फांट्याच्या कांठाकांठानें, रुट्लीच्या कुरणापासून ब्रुनेन गांवापर्यंत, सुमारें ३५ किलोमीटर लांबीची एक पायवाट जाते. १९९१ सालीं ती खुली झाली आणि 'स्वित्झर्लंडची वाट' असें तिचें नांव ठेवण्यांत आलें. पायवाटांना त्या देशांत तोटा नाहीं. परंतु ही वाट ज्या मापानें आंखली गेली तें माप मोठें विलक्षण आहे. देशाच्या प्रत्येक रहिवाशाच्या नांवें तिच्यांत पांच मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या एखाद्या टपोऱ्या दाण्याएवढी जागा, राखलेली आहे. मंत्री असो, गवळी असो कीं पाळण्यांतलें मूल असो, वांटा सर्वांचा सारखा.

असें माप याच सरोवराच्या कांठीं कां लावलें गेलें, हें कळण्यासाठीं तेथील इतिहासांत थोडें मागें गेलें पाहिजे.

ऊरीच्या फांट्याचे कडे पाण्यांत सरळ तुटलेले आहेत. पूर्वेकडील कड्याच्या पोटांतून 'आक्सेन' नांवाचा रस्ता १८६५ सालीं पुरा झाला. तोंपर्यंत ब्रुनेनहून फ्ल्युएलेनला जाणारी गाडीवाटच नव्हती. माणसें, गुरें, माल, सारें कांहीं नावेनें जाई. आणि दक्षिणेकडून 'फ्योन' नांवाचा उष्ण वारा सुटला म्हणजे हेंच शांत पाणी घटकेंत खवळून उठे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत गॉटहार्ड खिंडीकडे जाणारी अवघड घळ पूल बांधून चालती करण्यांत आली, आणि जर्मनी व इटली यांच्यामधील व्यापाराचा एक मार्ग या सरोवरावरून वाहूं लागला. ज्याच्या हातीं वाट, त्याच्या हातीं जकात. साहजिकच बड्या सरदारघराण्यांची नजर या खोऱ्यांवर खिळली. ऊरीच्या लोकांनीं १२३१ सालीं सनद मिळवून आपलें खोरें थेट सम्राटाच्या छत्राखालीं आणलें. पुढें १२९१ च्या ऑगस्टच्या प्रारंभीं ऊरी, श्वीत्स व उंटरवाल्डेन येथील लोकांनीं परस्परांस साह्य करण्याचा करार केला. पैसे देऊन पद मिळविलेला किंवा खोऱ्याबाहेरचा न्यायाधीश आम्ही मानणार नाहीं, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. तें लॅटिन चर्मपत्र श्वीत्स येथें अजून जपून ठेवलेलें आहे.

हा झाला कागदोपत्रीं इतिहास. लोकांच्या तोंडीं मात्र निराळीच कथा होती. तिन्ही खोऱ्यांच्या प्रतिनिधींनीं रुट्लीच्या कुरणावर रात्रीं जमून शपथ घेतली. विल्यम टेलनें जुलमी अंमलदाराच्या हुकुमावरून आपल्याच मुलाच्या डोक्यावरील सफरचंद बाणानें भेदलें. कैद करून नेत असतां वादळांत त्यानें नावेंतून खडकावर उडी घेतली. या कथेचें लिखित रूप १४७० च्या सुमारास, म्हणजे करारानंतर सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं, सापडतें. करारांत टेलचें नांव नाहीं, रुट्लीचेंही नाहीं. शिवाय मुलाच्या डोक्यावरील सफरचंद भेदणारा धनुर्धर डेन्मार्कच्या जुन्या बखरींत इ. स. १२०० च्या सुमारासच आलेला आहे. हें साम्य दाखविणारी एक पुस्तिका १७६० सालीं निनांवी प्रसिद्ध झाली, तेव्हां ऊरीमध्यें ती जाहीरपणें जाळण्यांत आली. तेव्हांपासून टेलची कथा खरी कीं खोटी हा वाद चालूच राहिला. त्याची उडी ज्या खडकावर पडली असें सांगतात, तेथील देऊळ १८७९ सालीं पुन्हा बांधण्यांत आलें, आणि आतल्या भिंतींवर चित्रकार स्ट्युकेलबेर्ग यानें हीच कथा रंगविली. शिलरनें १८०४ सालीं टेलवर नाटक लिहिलें. स्वित्झर्लंड त्यानें डोळ्यांनीं कधींच पाहिला नव्हता. तरीही कृतज्ञ लोकांनीं सरोवरांतून वर आलेल्या एका सुळक्यावर त्याचें नांव सोन्याच्या अक्षरांत कोरलें.

एवढ्यावरून सारी भोळी भक्तीच, असें मात्र समजूं नये. रुट्लीच्या कुरणाचें पुढें काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. १८५९ च्या सुमारास तेथें हॉटेल बांधण्याचा घाट घातला गेला. तेव्हां एका लोकहितकारी संस्थेनें वर्गणी उभारून कुरण विकत घेतलें, आणि त्या वर्गणींत देशभरच्या शाळकरी मुलांचे पैसे होते. १८६० सालीं तें राष्ट्राच्या स्वाधीन झालें, तें पुन्हा कधींही विकतां येणार नाहीं अशा अटीवर. पुढें १९४० सालीं फ्रान्सचा पाडाव झाला व देशाला चहूंकडून शत्रूचा वेढा पडल्यासारखें झालें, त्या वेळीं २५ जुलै रोजीं सेनापति गीझां यांनीं आपले वरिष्ठ अधिकारी आगबोटीनें याच कुरणावर आणले, आणि आल्प्सच्या आश्रयानें लढत राहण्याचा निर्धार त्यांच्यापुढें मांडला. शपथ कोणी घेतली असो वा नसो, जागा खरी ठरली होती.

१९९१ सालीं करारास ७०० वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. त्यानिमित्त एक मोठें राष्ट्रीय प्रदर्शन भरविण्याची योजना होती. परंतु १९८७ सालीं मध्य स्वित्झर्लंडच्या मतदारांनीं मत देऊन ती फेटाळली. भपका नाकारणाऱ्या लोकांपाशीं शेवटीं उरली ती पायवाट.

तिची मांडणी सोपी आहे. स्वित्झर्लंडमध्यें २६ कँटन, म्हणजे स्वायत्त प्रांत आहेत. जो प्रांत राष्ट्रसंघांत ज्या क्रमानें सामील झाला, त्या क्रमानें वाटेचे भाग पडतात. प्रारंभीं १२९१ चे मूळ करारकर्ते, मग १३३२ चें लूसर्न, १३५१ चें झुरिक, अशी ती पुढें जात शेवटीं १९७९ सालीं जन्मास आलेल्या जुरापाशीं पोंचते. प्रत्येक सीमेवर प्रांताच्या नांवाचा दगड आहे. रुट्लीहून झेलिसबेर्गचा चढ चढून वाट बाउएनला उतरते. राष्ट्रगीताची चाल १८४१ सालीं बांधणारा साधु त्स्विसिग याचें हें जन्मगांव. पुढें इस्लेटेन येथें आल्फ्रेड नोबेलनें १८७३ सालीं सुरुंगाच्या दारूचा कारखाना काढला. गॉटहार्डचा पहिला बोगदा त्या वेळीं खोदला जात होता. त्यापुढें रॉइस नदी सरोवरास मिळते. तेथील लहान बेटें अलीकडच्या, ५७ किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड बोगद्यांतून निघालेल्या दगडांचीही बनलेलीं आहेत. मग फ्ल्युएलेन, टेलचें देऊळ, सिसिकोन, मोर्शाख, आणि अखेर ब्रुनेन.

या वाटेवर झुरिकचा भाग कित्येक किलोमीटर चालतो, आणि आपेन्झेल इनररोडेन या प्रांताचा भाग सुमारें ७० मीटरांत संपतो. चालणाऱ्याच्या तो ध्यानांतही येत नाहीं. परंतु तेथें क्षणभर थांबावें. स्वातंत्र्याचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या या राष्ट्रानें स्त्रियांना मताचा हक्क देण्याचें १९५९ सालीं पुरुषांच्या मतानें नाकारलें, आणि १९७१ सालीं तो दिला. आपेन्झेल इनररोडेनच्या पुरुषांनीं प्रांतिक कारभारांत तो त्यानंतरही अडवून धरला. अखेर १९९० च्या नोव्हेंबरांत राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, आणि १९९१ च्या एप्रिलमध्यें तेथील स्त्रिया उघड्या मैदानांतील लोकसभेंत प्रथम हात वर करण्यास उभ्या राहिल्या. त्याच वर्षीं ही वाट खुली झाली. तिच्यांत आईचा वांटा पांच मिलिमीटर, मुलाचाही पांचच. सातशें वर्षांच्या सनदेला जें साधलें नव्हतें, तें या फूटपट्टीनें मुकाट्यानें मांडून दाखविलें.

वाटेच्या अखेरीस, मोर्शाखहून ब्रुनेनला उतरतांना, जिनीव्हाच्या भागांत प्राचीन हिमनदीनें वाहून आणलेल्या कांहीं शिळा आहेत. जिनीव्हाच्या कलावंतांनीं तेथें नवें स्मारक उभारलें नाहीं. त्या शिळांवर सांचलेलें शेवाळ घांसून काढलें, आणि खालचा पांढरा दगड उजेडांत आला. सबंध वाटेचा आशयही असाच आहे. दंतकथेचें शेवाळ काढलें तरी खालचा दगड जागच्या जागीं राहतो: आपला न्याय आपण करूं आणि एकमेकांच्या मदतीस धांवूं, एवढाच तो दगड.

देशाची लोकसंख्या आतां ९० लाखांवर गेली आहे. वाट मात्र ३५ किलोमीटरच राहिली. नव्यानें मोजावयाची तर प्रत्येकाच्या वांट्यास पांचांऐवजीं चारही मिलिमीटर पुरते येणार नाहींत. वांटेकरी वाढले म्हणून वाट कोणी लांबवीत नाहीं. थोडें सरकून जागा करून द्यावी लागते. सामायिक वाटेचा हाच नियम आहे.