वेगाला वेसण

परवा भिवंडीला मामाकडे गेलो होतो. त्याचा नातू मोबाइलवर अमेरिकेतली स्टॉक कारची शर्यत बघत होता. मामाही शेजारी बसून चहा पिता पिता बघत होता. मधेच त्याने विचारलं, "या गाड्यांचा सगल्यात जास्त येग किती रं?" नातवाला सांगता येईना. मग घरी येऊन मीच शोधाशोध केली.

'स्टॉक' म्हणजे दुकानातून आणलेली जशीच्या तशी गाडी. नॅसकार ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली आणि १९ जून १९४९ ला शार्लटला अशा गाड्यांची पहिली मोठी शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला, पण तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला. चोरटी दारू वाहणारे लोक गाडीत करायचे तसा! त्याला बाद करून जिम रोपरला विजेता ठरवलं. म्हणजे लबाडी आणि नियम यांची जुगलबंदी पहिल्या दिवसापासूनच.

पुढे गाड्या नावापुरत्याच 'स्टॉक' राहिल्या. १९७० मध्ये बडी बेकरने टॅलाडेगाच्या ट्रॅकवर ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. १९८७ मध्ये बिल एलियटने तिथेच पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटर वेग गाठला. हा विक्रम आजही मोडलेला नाही. कारण मोडू दिलाच नाही.

त्याच ३ मे १९८७ च्या शर्यतीत बॉबी अॅलिसनच्या गाडीचा टायर फुटला. गाडी हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरची जाळी फाडून पुन्हा ट्रॅकवर आदळली. ती पलीकडे गेली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. शर्यत पुन्हा सुरू झाली आणि जिंकला कोण? बॉबीचाच मुलगा डेव्ही. १९८८ पासून टॅलाडेगा आणि डेटोना इथे इंजिनात जाणारी हवा कमी करणारी भोकं पाडलेली एक धातूची चकती बसवणं सक्तीचं झालं. हवा कमी, म्हणून ताकद कमी, म्हणून वेग कमी. २००४ मध्ये रस्टी वॉलेसने चकतीशिवाय चाचणी घेतली तेव्हा गाडी ताशी २२८ मैलांपर्यंत गेली. पण ती चाचणी होती, शर्यत नव्हे.

हे सगळं फोनवर मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मंजे त्यांनी पन येसन घातलीच की!"

मामा हे बोलला त्याला कारण आहे. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत बैलगाड्यांच्या शर्यती, हे त्याचं आयुष्य होतं. आम्ही भाचे बांधावर उभे राहून ओरडायचो. बैलाला पराणी टोचली की आम्हाला चेव यायचा. बैलाला काय होत असेल, हा प्रश्न तेव्हा डोक्यातही आला नाही. आज तो आठवला की ओशाळायला होतं.

२०११ मध्ये केंद्र सरकारने बैलाचा समावेश ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांत केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तरी परवानगी मिळायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला. १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. आता धावपट्टीच्या लांबीला मर्यादा आहे, आणि काठी, चाबूक, पराणी यांना मनाई.

मधल्या वर्षांत मामाने जोडी विकली. नुसतं उभं करून खाऊ घालणं परवडेना. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्याचे गुडघे गेले होते.

मला दोन्ही बाजू पटतात, हीच अडचण आहे. अॅलिसन स्वतःच्या मर्जीने गाडीत बसला होता. बैलाला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून बैलासाठी नियम जास्त कडक हवेत, असं मी मामाला म्हणालो. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बैल चांगला आसला तं पराणी लागतंच नाय."

मग आपण का टोचायचो, हे विचारायचं माझ्याच्याने झालं नाही. असो.