आउटबोर्ड इंजिनाची इंधनव्यवस्था

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेल्या इंजिनाला इंधन पुरवणारी टाकी, नळी, रबरी बल्ब, गाळणी आणि त्यांचे जोड यांची मिळून ही व्यवस्था होते. अगदी लहान इंजिनांची टाकी त्यांच्या डोक्यावरच बसवलेली असते. बाकीच्यांची टाकी होडीच्या तळाशी असते आणि इंजिनातला पंप तिथून इंधन वर ओढतो. ही ओढ फारशी जोरकस नसते. बहुतेक पथ्ये त्यामुळेच पाळावी लागतात.

इंजिन चालू असताना नळीचा जोड सैल असला, तर इंधन बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. ओल कुठेच दिसत नाही, इंजिन मात्र अडखळते. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू मिटलेला राहिला, तर काही मिनिटांत बल्ब चपटा होतो आणि इंजिन बंद पडते. कार्बोरेटर खोलून बसण्याआधी हा स्क्रू पाहावा, हे सांगायला कारागीर लागत नाही. पण भर समुद्रात नेमके तेच सुचत नाही. बल्बवरचा बाण इंजिनाकडे हवा. इंजिन सुरू करण्यापूर्वी बल्ब उभा धरून कडक होईपर्यंत दाबावा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते. म्हणून सुटी टाकी धक्क्यावर उतरवूनच भरावी, तीही काठोकाठ नव्हे: २४ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले, तर सुमारे अर्धा लिटर फुगते. सुट्या टाकीच्या इंधनव्यवस्थेसाठी आयएसओ १३५९१ आणि होडीत कायम बसवलेल्या इंधनव्यवस्थेसाठी आयएसओ १००८८ हे मानक आहे. आयएसओ ७८४० प्रमाणित नळी आगीत अडीच मिनिटे टिकावी लागते.

दोन-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलातच मिसळायचे असेल, तर प्रमाण बहुधा ५०:१, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर असते. चार-स्ट्रोकला हा खटाटोप नाही. केरळच्या किनाऱ्यावरची केरोसीन इंजिने पेट्रोलवर सुरू करतात, तापली की केरोसीनवर घेतात. थांबवण्यापूर्वी ती पुन्हा पेट्रोलवर आणावी लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी गार इंजिन उठत नाही. त्यामुळे तिथे दोन इंधनांची सोय हवी.

भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, तर अनेक आउटबोर्ड इंजिनांच्या माहितीपुस्तिकांत मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि इंधन उचलणारी नळीही तळाशीच असते. कोकणात होडी पावसाळाभर वर ओढून ठेवतात, तेव्हा टाकीत असे पेट्रोल ठेवू नये. पाणी वेगळे करणारी १० मायक्रॉनची गाळणी थोडेफार सुटे पाणी अडवते; थर एकदा वेगळा झाला की सगळी टाकीच उपसावी लागते.