गाडी घेताना घासाघीस नेमकी कशावर करायची? ऑन-रोड कोटेशन वाचायचं कसं?

शोरूममधून निघाल्यावर अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. वर डीलरचं नाव, खाली आठ-दहा ओळी आणि शेवटी ठळक अक्षरात एक आकडा, ऑन-रोड प्राइस. बहुतेक घरांत पुढची सगळी चर्चा या शेवटच्या आकड्यावरच होते. 'साडेदहा सांगतोय, दहाला दे म्हणावं.' सेल्समन थोडे आढेवेढे घेतो, मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन येतो आणि पंधरा हजार कमी करून मॅट आणि सीट कव्हर 'फ्री' देतो. दोन्हीकडे समाधान.

पण यातला कोणता पैसा सरकारचा, कोणता कंपनीचा, कोणता विमा कंपनीचा आणि कोणता डीलरचा, हे माहीत नसेल तर घासाघीस चुकीच्या ओळीवर होते. जी रक्कम हलूच शकत नाही तिच्यावर वाद घातला जातो आणि जी सहज निम्मी झाली असती ती तशीच भरली जाते.

न हलणाऱ्या ओळी

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि त्यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. लहान म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. त्यापेक्षा मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के. हा कर सेल्समनच्या हातात नाही.

दुसरी मोठी ओळ रोड टॅक्सची. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर घेतलेल्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेल गाडीला १३ टक्के एकरकमी कर लागतो. किंमत वाढली की टक्काही वाढतो. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर हाच कर २० टक्के होतो. छोटा व्यवसाय असणाऱ्यांनी 'फर्मच्या नावावर घेऊ, खर्च दाखवता येईल' असं ठरवण्याआधी हे गणित मांडून बघावं.

९ लाख एक्स-शोरूमच्या पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स सुमारे ९९ हजार होतो. इथे लक्ष देण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. कोटेशनमध्ये हा आकडा बऱ्याचदा 'आरटीओ' अशा एका शब्दाखाली येतो आणि त्याच ओळीत आणखी काही हजार मिसळलेले असतात. प्रत्यक्षात कारची नोंदणी फी ६०० रुपये आहे आणि कर्ज असेल तर बोजा नोंदवायचे १,५०० रुपये. स्मार्ट कार्ड, टपाल असे किरकोळ आकार धरले तरी करावरचा हा भाग दोन-अडीच हजारांच्या आसपास राहतो. 'आरटीओ' समोर १ लाख १० हजार लिहिलं असेल तर फरक कशाचा, एवढंच विचारायचं. आवाज चढवायची गरज नाही, 'पावती मिळेल ना?' एवढं पुरतं.

गाडी १० लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस ही ओळही दिसेल. ती कमी होत नाही, पण तो पैसा बुडत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना करातून वळता करता येतो किंवा परत मागता येतो. अनेकजण तो खर्च समजून विसरून जातात.

हलणाऱ्या ओळी

सगळ्यात जास्त हलते ती विम्याची ओळ. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे आणि त्याचे दर सरकार जाहीर करतं. २०२२ च्या अधिसूचनेनुसार १००० ते १५०० सीसी इंजिनच्या कारसाठी हा तीन वर्षांचा हप्ता १०,६४० रुपये आहे, त्यावर जीएसटी. यात कोणीच सूट देऊ शकत नाही. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, म्हणजे ओन डॅमेज, त्यावर विमा कंपन्या बरीच सूट देतात. शिवाय झिरो डेप्रिसिएशन, इंजिन प्रोटेक्ट, टायर, चावी अशी एकावर एक ॲड-ऑन कव्हर चढवलेली असतात.

विमा डीलरकडूनच घ्यायला हवा, अशी सक्ती नाही. आयआरडीएआयच्या नियमांनुसार ग्राहकाला कंपनी निवडायचा अधिकार आहे. त्यामुळे शोरूमला जायच्या आधी त्याच मॉडेलसाठी, त्याच कव्हरसह बाहेरून एक-दोन दर काढून ठेवावेत. 'बाहेर एवढ्यात मिळतोय' असं स्क्रीनशॉटसह दाखवलं की डीलरचा आकडा अनेकदा तिथल्या तिथे खाली येतो. 'बाहेरून विमा घेतला तर डिस्काउंट मिळणार नाही' असंही ऐकायला मिळतं. अशा वेळी दोन्ही पर्यायांची एकूण बेरीज लिहून मागायची आणि जी कमी असेल ती घ्यायची. तत्त्वासाठी पाच हजार जास्त मोजण्यात काही हशील नाही.

जुनी गाडी विकून नवी घेत असाल तर आणखी एक हत्यार हातात असतं, नो क्लेम बोनस. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यावर लागू करता येतो. जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यावं लागतं. हे मागितल्याशिवाय सहसा कोणी आठवण करून देत नाही.

मग हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक चार्जेस, डेपो चार्जेस या नावाची ओळ. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणायचा हा खर्च म्हणे. हे सरकारी शुल्क नाही आणि डीलरला गाडी विकण्यासाठी कंपनीकडून मार्जिन मिळतंच. ही ओळ काढून टाका, असं पहिल्याच भेटीत सांगावं. टेफ्लॉन कोटिंग, ॲक्सेसरीज पॅकेज, रोडसाइड असिस्टन्स यांनाही तोच न्याय. एक्स्टेंडेड वॉरंटीचं मात्र वेगळं. गाडी सहा-सात वर्षं ठेवायची असेल तर ती उपयोगी ठरू शकते, पण ती पहिल्या दिवशीच घ्यावी लागते असं नाही. किती दिवसांत घेता येते, ते कंपनीच्या वेबसाइटवर बघून घ्यावं.

डिस्काउंट देतं कोण?

ही सूट दोन खिशांतून येते. एक कंपनीचा: कन्झ्युमर ऑफर, कॉर्पोरेट ऑफर, एक्स्चेंज बोनस. या महिन्याच्या सुरुवातीला ठरतात आणि बहुतेक डीलरकडे सारख्याच असतात. तुम्ही ज्या कंपनीत, बँकेत किंवा शाळेत काम करता तिचं नाव कॉर्पोरेट यादीत आहे का, हे विचारायलाच हवं. दुसरा खिसा डीलरचा, त्याच्या स्वतःच्या मार्जिनमधून. खरी घासाघीस इथे होते.

ही दुसरी सूट किती द्यायची हे डीलरने ठरवायचं की कंपनीने, यावर एक मोठं प्रकरण झालं आणि त्याचा संबंध थेट महाराष्ट्राशी आहे. एका निनावी ईमेलवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली. मारुती सुझुकीच्या डीलरनं पाठवल्याचं सांगितलं गेलेल्या त्या ईमेलमध्ये मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्रातल्या विक्रीबद्दल तक्रार होती. आयोगाच्या निष्कर्षानुसार, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट देणाऱ्या डीलरला दंड बसायचा आणि ते पकडण्यासाठी ग्राहक बनून शोरूममध्ये जाणाऱ्या माणसांच्या एजन्सी नेमल्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने अपील केलं आणि अपिलीय न्यायाधिकरणाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

ग्राहकाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट समजते. 'सगळीकडे हाच रेट आहे' हे वाक्य बाजाराचा नियम नसतं. म्हणून किमान तीन डीलरकडून, शक्य असल्यास शेजारच्या शहरातूनही, त्याच मॉडेलचं, त्याच व्हेरिएंटचं, ओळवार कोटेशन लेखी घ्यावं. पुण्याच्या माणसाने पिंपरी-चिंचवडला आणि नाशिकच्या माणसाने संभाजीनगरला फोन करायला काय जातं? मात्र ज्या गाडीला चार महिन्यांचं वेटिंग आहे तिच्यावर फार काही सुटेल, ही आशा सोडावी.

मुहूर्त बघावा, पण डिलिव्हरीचा

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. गाडी दारात मुहूर्तावर यावी, ही इच्छा समजण्यासारखी आहे, पण सौदाही त्याच आठवड्यात करायचा म्हटलं तर सेल्समनला तुमची गरज उरत नाही. याउलट पितृपक्षात शोरूम ओस असतात आणि महिन्याचं टार्गेट मात्र तेवढंच असतं. त्या पंधरवड्यात भाव ठरवून डिलिव्हरी नवरात्रात घेणारी चतुर मंडळी आहेतच. महिन्याचा शेवट आणि तिमाहीचा शेवट हेही चांगले दिवस.

डिसेंबरमध्ये वर्ष बदलायच्या आत स्टॉक संपवायचा असतो, म्हणून सूट मोठी दिसते. पण ती गाडी विकायला काढाल तेव्हा समोरचा माणूस उत्पादनाचं वर्षच बघणार. गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर डिसेंबर फायद्याचा, तीन वर्षांत बदलणार असाल तर नाही. कुठल्याही महिन्यात घ्या, उत्पादनाचा महिना आणि वर्ष आधी विचारा. गाडीच्या विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, ते लिहिलेलं असतं. जानेवारीत 'नवी' म्हणून दिलेली गाडी आधीच्या मे महिन्यातली निघाली तर तो भाव कमी करायचा मुद्दा आहे, अर्थात पैसे भरण्याआधी. पासिंग झाल्यावर हातात काही राहत नाही. म्हणूनच गाडी नोंदणीला जायच्या आधी डीलरच्या यार्डात जाऊन उजेडात बघून यावी आणि चेसिस नंबरचा फोटो काढून ठेवावा.

ईएमआयच्या भाषेत बोलू नये

'महिन्याला किती भरू शकता?' हा प्रश्न आला की सावध व्हायचं. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण परतफेड सुमारे ९ लाख ९६ हजार. तेच सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,९०० च्या आसपास येतो, हलका वाटतो, पण एकूण परतफेड १० लाख ८१ हजार होते. म्हणजे ८५ हजार जास्त. दोन तास भांडून मिळवलेले वीस हजार इथे परत जातात, वर आणखी. पाच वर्षांच्या त्याच कर्जावर व्याज ९ ऐवजी १० टक्के लागलं तरी साधारण २३ हजारांचा फरक पडतो. डीलरला बँकेकडून कर्जामागे कमिशन मिळू शकतं, त्यामुळे आपल्या पगाराच्या बँकेचा दर खिशात असलेला बरा.

जुनी गाडी: भाव बोलण्याआधी कागद

जुन्या गाडीला एक्स-शोरूम किंमत नसते, त्यामुळे आकडा कुठून सुरू करायचा हाच प्रश्न असतो. विम्याच्या कागदावरची आयडीव्ही हा एक आधार. विम्याच्या तक्त्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीची किंमत ४० टक्क्यांनी आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीची ५० टक्क्यांनी कमी धरतात. चांगल्या खपाच्या गाड्या बाजारात याहून महाग जातात, म्हणून विक्रेता हा आकडा मान्य करणार नाही. पण बोलणी खालून सुरू करायला तो उपयोगी पडतो. दुसरा आधार म्हणजे त्याच वर्षाच्या, त्याच व्हेरिएंटच्या आठ-दहा जाहिराती. त्यात मागितलेली किंमत असते, मिळालेली नाही, हे लक्षात ठेवावं.

नंबरवरून एमपरिवहन ॲपवर गाडी कितव्या मालकाकडे आहे, विमा चालू आहे का, बोजा आहे का, हे दिसतं. ई-चलान महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर. पाच-सहा हजारांची चलानं थकलेली असतील तर ती किमतीतून वजा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट बसवली नसेल तर तो खर्चही विक्रेत्याचा.

मीटरवर ३५ हजार किलोमीटर दिसत असतील तर टायर बघावेत. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. २०१८ च्या गाडीला चारही टायर २०२१ चे असतील, तर ३५ हजारांवर कशाला शंका घ्यावी लागते ते कळतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली सर्व्हिस हिस्ट्री मागवून किलोमीटर जुळवावेत. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. गाडी धुतात, पॉलिश करतात, अत्तर मारतात, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहून जातो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापूर, सांगली, चिपळूणकडच्या मेकॅनिकना हे सांगावं लागत नाही.

दिल्लीची डिझेल गाडी फारच स्वस्त वाटली तर त्यामागे तिथला दहा वर्षांचा नियम असतो. ती इथे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी हवी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. हे दोन्ही जोडूनच तुलना करावी.

स्वतःच्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा आणि त्याने काढलेल्या प्रत्येक दोषाला रुपयांत बदलावं. 'क्लच गेलाय' यापेक्षा 'क्लचचे बारा हजार' हे वाक्य किंमत खाली आणतं.

विसार द्यायचा तो थोडका आणि कागदावर लिहून. पूर्ण पैसे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच. यात विकणाऱ्याचाही जीव अडकलेला असतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण आरसी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती. अपघातात एकाचा मृत्यू झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावर टाकली, गाडी विकून कित्येक महिने झालेले असूनही. त्यामुळे एजंटने 'नाव नंतर चढवू, आधी गाडी जाऊ द्या' असं म्हटलं, तर किल्ली तोवर स्वतःकडेच ठेवावी.